कोठीचे माप : एका शिकारी रायफलीच्या निमित्ताने

सोलापुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी एक जुनी शिकारी रायफल आहे. स्नेही मराठीचे निवृत्त प्राध्यापक. शिकार त्यांनी आयुष्यात केली नाही, त्यांच्या वडिलांनीही फारशी केली नाही. रायफल आजोबांची. ती दरवर्षी दोनदा कपाटाबाहेर निघते, एकदा खंडेनवमीला पूजेसाठी आणि एकदा तेलपाण्यासाठी. एरवी तिचे अस्तित्व परवान्याच्या नूतनीकरणापुरतेच. २०२० च्या दिवाळीच्या सुमारास मात्र या रायफलीचे काय करायचे, असा प्रश्न त्या घरापुढे उभा राहिला आणि जुनी कागदपत्रे वाचून देण्याच्या मिषाने आम्हीही त्यात ओढले गेलो. प्रश्न वरवर पाहता तांत्रिक होता. रायफलीची कोठी, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी जिथे काडतूस बसते ती पोकळी, आज कोठेही सहज न मिळणाऱ्या काडतुसाच्या मापाची आहे. ती कोरून दुसऱ्या मापाची करावी, की आहे तशी राहू द्यावी? या प्रश्नाचा माग काढताना आम्हांला जो इतिहास दिसला तो येथे मांडत आहोत. साहित्याच्या अभ्यासकांपुढे बंदुकीची चर्चा कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे, अशी अपेक्षा आहे.

प्रश्न त्याच वर्षी का उपटला, ते आधी सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेली शस्त्रेही या दोनांतच धरायची. ज्यांच्याजवळ जास्त असतील त्यांनी एका वर्षात जादा शस्त्र जमा करायचे. स्नेह्यांच्या परवान्यावर तीन नगांची नोंद होती : शेतावरच्या राखणीसाठी बारा बोअरची दुनळी, वडिलांनी घेतलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ही रायफल. तिघांपैकी एकाला निरोप द्यायचा होता. ज्या शस्त्राला काडतूसच मिळत नाही त्याला निरोप देणे शहाणपणाचे, असे मुलाचे म्हणणे. ते ठेवायचेच असेल तर निदान चालते करून ठेवा, ही त्याची दुसरी सूचना. म्हणण्यात गैर काही नव्हते.

रायफल परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराकडे दाखवायला नेली तेव्हा आम्ही सोबत होतो. परवान्यात तिचे वर्णन एवढेच : 'रायफल, बोअर .३७५'. कारागिराने तो कागद बाजूला ठेवला. "सर, हा आकडा नळीचा आहे, कोठीचा नाही," ते म्हणाले. मग त्यांनी एका लहान भांड्यात गंधक वितळवले, नळीत थोड्या अंतरावर बोळा बसवला आणि मागच्या तोंडाने ते पिवळे द्रव आत ओतले. थंड झाल्यावर काठीने हलकेच ढकलून त्यांनी जो ठोकळा बाहेर काढला तो हुबेहूब त्या पोकळीच्या आकाराचा होता. आत काय असावे हे कागदावरून ठरत नाही, आतूनच वाचून घ्यावे लागते, हा धडा पाठचिकित्सेच्या वर्गात आम्ही कितीदा तरी ऐकला होता. तो एका दुकानाच्या मागच्या खोलीत, गंधकाच्या वासात, पुन्हा मिळाला.

'.३७५' या एका आकड्याखाली निदान चार निरनिराळी काडतुसे नांदतात. १८९९ च्या सुमाराचे अडीच इंची, मागे कडा असलेले. मानलिशर-शोनॉअर बंदुकीचे साडेनऊ मिलिमीटरचे. आणि हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने १९१२ मध्ये काढलेली दोन मॅग्नम काडतुसे, एक पट्टा असलेले, दुसरे कडा असलेले. गोळीचा व्यास जवळपास सारखा, पण पितळी नळकांड्याची लांबी, जाडी, खांदा, सारे वेगळे. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. गंधकाच्या ठोकळ्याने सांगितले की ही कोठी अडीच इंची काडतुसाची. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने फौजेच्या ली बंदुकीच्या यंत्रणेवर ज्या शिकारी रायफली बनवल्या, त्यांतल्या एका वाणाची. म्हणजे चाप, बोल्ट, मॅगझिन ही सारी फौजी बंदुकीची भावंडे. फक्त नळी आणि कोठी निराळी. हे निराळेपण कोठून आले? शिकाऱ्याला मोठ्या जनावरासाठी जाड गोळी हवी असते, हे त्याचे एक उत्तर. पण ते अर्धेच आहे. हिंदुस्थानात अशा बंदुका का खपल्या, याचे उरलेले अर्धे उत्तर शिकारीत नाही, राज्यकारभारात आहे.

आपल्याकडे काडतूस हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पिस्तूलही त्यांच्याकडूनच. बंदूक अरबीतून आली. शब्दांची ही सरमिसळ मराठी भाषेने पिढ्यान्‌पिढ्या पचवली. पण काडतूस या शब्दाला राजकीय धार चढली ती १८५७ मध्ये. एनफील्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी तोडावे लागे, त्याला लावलेल्या चरबीविषयी वदंता उठली आणि पुढे जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये त्या वर्षांची जी हकिकत लिहून ठेवली, तीतही काडतुसांची ही गोष्ट आली आहे. एका लहानशा वस्तूच्या बांधणीवरून एवढा उत्पात होऊ शकतो, हे सरकार नंतर कधीही विसरले नाही.

विसरले नाही याचा पुरावा इतिहासाच्या पुस्तकांइतकाच बंदुकांच्या नळ्यांत आहे. एनफील्डची ताकद तिच्या नळीतल्या आट्यांत होती. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर नेमकी लागते. बंड मोडल्यावर देशी पलटणींना ज्या बंदुका द्यायच्या त्यांच्यातले हे आटे कोरून काढून नळी आतून गुळगुळीत करण्यात आली. १८५८ च्या नमुन्याची मस्केट म्हणून ती ओळखली जाते. बाहेरून पाहता तीच एनफील्ड, तोच दस्ता, तोच घोडा. आतून मात्र मुद्दाम कमकुवत केलेली. आपल्याच शिपायाच्या हाती आपल्या बरोबरीचे शस्त्र असू नये, ही भीती कोणी जाहीरनाम्यात लिहिली नाही. ती कारखान्यात, लोखंडात लिहिली गेली.

कागदावर ती आली १८७८ मध्ये. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घातली, दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातील शस्त्रांवर. पहिल्याविषयी आपल्या वाङ्मयेतिहासात बरेच लिहिले जाते, कारण तो आपल्या क्षेत्रातला. दुसरा आपण राजकीय इतिहासकारांकडे सोपवून मोकळे होतो. वस्तुतः ती दोन्ही एकाच बुद्धीची अपत्ये आहेत. दोन्हींत भेद वर्णाचा होता : इंग्रजी पत्रांना पहिला कायदा लागू नव्हता, युरोपियनांना दुसऱ्यातून सूट होती. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांतच, रिपन यांच्या काळात, रद्द झाला. शस्त्रांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे चालू राहिला. लेखणी परत देणे सरकारला परवडले, बंदूक परत देणे परवडले नाही.

तरीही एक फट उरली होती. परवानेवाल्या माणसाजवळची शिकारी बंदूक आणि फौजेची बंदूक यांचे काडतूस एकच असेल, तर छावणीतून चोरलेला किंवा विकत मिळवलेला एखादा डबा कोणाच्याही बंदुकीत चालू शकतो. १८८८ पासून फौजेत .३०३ चे काडतूस आले होते. त्यापूर्वीच्या मार्टिनी-हेन्री बंदुका.४५० च्या होत्या आणि वायव्य सरहद्दीवर त्या अजूनही वापरात होत्या. तेव्हा सरकारने काडतुसाच्या मापावरच बोट ठेवले. १९०७ मध्ये .४५० च्या बंदुका व दारूगोळा हिंदुस्थान आणि सुदान येथे आणण्यास बंदी झाली. यातला विनोद असा की त्या वेळी .४५० चे खरे गिऱ्हाईक बंडखोर नव्हते. ते होते हत्ती-गव्यांच्या मागे लागलेले साहेब लोक, ज्यांच्यासाठी लंडनच्या रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये .४५० चे बलाढ्य काडतूस काढले होते. ते सबंध काडतूस मार्टिनीत बसत नसे. पण त्यातली गोळी काढून मार्टिनीच्या काडतुसात भरता येईल, अशी सरकारला धास्ती.

मग लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी काय केले? त्यांनी आकडे बदलले. कोणी .४६५ काढले, कोणी .४७०, कोणी .४७५, कोणी .४७६. काम तेच, जनावरे तीच, गिऱ्हाईकही तेच. फरक काही सहस्रांश इंचांचा, कायद्याच्या कुंपणाबाहेर जेमतेम पाऊल ठेवण्याइतका. ही मापे कोणत्याही शिकाऱ्याने मागितली नव्हती. ती हिंदुस्थान सरकारच्या एका हुकुमाने जन्माला आली. पुढे बंदी सैल झाली तरी .४५० ला गेलेली गादी परत मिळाली नाही. आफ्रिकेतल्या शिकारकथांत .४७० चा जो दबदबा दिसतो त्याच्या मुळाशी पेशावरची काळजी आहे, हे त्या कथांच्या वाचकांना सहसा माहीत नसते.

.३०३ ची कथा आणखी उद्बोधक. सामान्य परवानेधारकाला हे फौजी माप वर्ज्य ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी शोधून काढले .३१५. मूळचे ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, मानलिशर बंदुकीचे आठ मिलिमीटरचे काडतूस. ते इंग्रजांच्या फौजेचे नव्हते, एवढीच त्याची पात्रता. पहिल्या महायुद्धात जे साम्राज्य इंग्रजांचे शत्रू होते त्याचे फौजी काडतूस हिंदुस्थानच्या नागरिकाला निरुपद्रवी म्हणून चालले, कारण ते येथील छावणीत सापडण्याची शक्यता नव्हती. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ चीच शिकारी रायफल बनवली, काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झाली, आणि आज गावोगावच्या परवान्यांवर .३१५ हा आकडा इतका रुळला आहे की तो मूळचा परका, हे कोणाच्या ध्यानीमनी नाही. जगाच्या बाजारात हे माप अडगळीत पडलेले. आपल्याकडे तेच प्रमाण. प्रमाणभाषेविषयी वर्गात आपण जे शिकवतो त्याहून हे निराळे आहे काय? प्रमाण हे गुणाने ठरत नाही. कोणाच्या भीतीने किंवा कोणाच्या सोयीने कोणता पर्याय शिल्लक राहिला, यावर ते ठरते.

या मालिकेतले सर्वांत बोलके उदाहरण .४१० च्या मस्केटचे. इशापूरमध्ये फौजेच्या .३०३ च्या रायफली घेऊन त्यांची नळी .४१० ची, आतून गुळगुळीत केली गेली. त्या एकेक काडतूस भरून उडवायच्या. पोलीस आणि तुरुंगांचे पहारेकरी यांच्यासाठी. १८५८ चाच प्रयोग, सत्तर-ऐंशी वर्षांनी. तिचे काडतूस .३०३ चेच नळकांडे, पण गळ्याशी न आवळलेले, सरळ. परिणामी तिच्यात .३०३ चे काडतूस उपयोगाचे नाही आणि बाजारात मिळणारे .४१० चे छऱ्याचे काडतूसही नीट बसत नाही. जगात कोणाशीच न जुळणारी कोठी. पुढे या मस्केट मोडीत निघून अमेरिकेत व कॅनडात विकल्या गेल्या, तेव्हा तिकडच्या मालकांपुढे आमच्या स्नेह्यांचाच प्रश्न आला. पुष्कळांनी कोठी कोरून बाजारातल्या काडतुसाजोगी करून घेतली. बंदुका चालू झाल्या. पण त्या तशा का होत्या हे सांगणारी एकमेव जागा त्या कोरणीखाली नाहीशी झाली. आता अशा बंदुकीकडे पाहणाऱ्याला ती एक स्वस्त, ओबडधोबड छऱ्याची बंदूक दिसते. एका राजवटीने आपल्याच पहारेकऱ्यावर दाखवलेला अविश्वास तिच्यात दिसत नाही.

हा प्रकार हिंदुस्थानापुरता नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतात फौजी मापांवर निर्बंध होते, तेव्हा तेथील लोकांनी .३०३ चे नळकांडे गळ्याशी आवळून .२५ ची गोळी बसवली. इटलीत फौजेचे नऊ मिलिमीटरचे काडतूस नागरिकाला वर्ज्य होते, म्हणून नळकांडे दोन मिलिमीटरांनी लांब असलेले नवे काडतूस रूढ झाले. सरकार माप ठरवते, माणूस त्याच्या शेजारचे माप शोधतो, आणि त्या दोघांमधल्या घासाघाशीची खूण कोठीत राहते.

आपल्या स्वतंत्र देशाच्या कायद्याने ही विभागणी मोडली नाही. १९६२ च्या शस्त्र नियमांनी निषिद्ध बंदुकांचे वर्णन करताना .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची फौजी काडतुसे ज्यांच्यात बसून उडू शकतील अशा सर्व बोअरांचा त्यात समावेश केला; .४१० च्या मस्केटचाही केला. २०१६ मध्ये नवे नियम आले तरी निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर हा भेद राहिला. 'बसून उडू शकेल' ही शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. कायद्याच्या नजरेत बंदुकीची ओळख तिच्या नावात नाही, नळीतही नाही. ती कोठीत काय मावते यात आहे. म्हणून कोठी बदलणे हे भांड्याला कल्हई लावण्यासारखे घरगुती काम नाही. परवाना नसलेल्या कारागिराने ते करणे गुन्हा, आणि परवानाधारकाने केले तरी मूळ शस्त्राची कायद्यातली ओळख बदलते.

आता आमच्या रायफलीकडे वळू. कारागिरांसमोर पर्याय तीन होते. पहिला, कोठी कोरून .३७५ च्या कडावाल्या मॅग्नम काडतुसाची करायची. गोळी तीच, नळी तीच; नळकांडे अडीच इंचांऐवजी जवळपास तीन इंचांचे आणि बुडाशी अधिक जाड. म्हणजे नवे माप सर्व बाजूंनी जुन्याहून मोठे, तेव्हा कोरणे शक्य. "कोठी मोठी करता येते, सर. लहान करता येत नाही. काढलेलं लोखंड परत बसत नाही," असे ते म्हणाले. पण शक्य असणे आणि योग्य असणे वेगळे. मॅग्नमचा दाब पुष्कळ अधिक आणि ली यंत्रणेत तो दाब पेलणारे खांदे बोल्टच्या मागच्या भागात. फौजी काडतुसाच्या हिशेबाने घडवलेले ते खांदे हा भार पेलतीलच असे नाही; चेहऱ्याजवळ होणाऱ्या स्फोटाशी जुगार कोणी खेळावा? शिवाय ते लांब काडतूस मॅगझिनमध्ये मावणार नाही. आणि नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे जे शिक्के आहेत ते जुन्या कोठीला दिलेली ग्वाही आहेत. कोठी बदलली की शिक्के दिसायला राहतील, अर्थाने खोटे ठरतील. दुसरा पर्याय, जुनी नळी काढून .३१५ ची नवी बसवायची. यंत्रणा त्याच घराण्यातली असल्याने हे सुरक्षितपणे जमण्याजोगे, काडतुसेही येथलीच मिळतील. तिसरा, काही न करणे.

मुलाला दुसरा पर्याय पटला होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रथम आम्हांलाही. वापरात नसलेली वस्तू मरते, असे आमचे जुने मत. परंतु रायफलीची कागदपत्रे वाचू लागलो तेव्हा वेगळेच काही पुढे आले.

परवान्याची पहिली नोंद १९३१ ची होती. सोलापूरकराला हे साल सांगून उपयोग नाही, ते त्याला ठाऊकच असते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर उठले, गोळीबार झाले, सरकारी अंमल काही दिवस जणू उरलाच नाही, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांचे स्मारक ज्या चौकात आहे तेथून आम्ही रोज जातो. ज्या वर्षी शहराने चार माणसे गमावली, त्याच वर्षी त्याच शहरातल्या एका माणसाला सरकारने रायफलीचा परवाना दिला. घरात सांगितली जाणारी कथा अशी की माळावर लांडग्यांचा उपद्रव फार होता, मेंढपाळांनी अर्ज केले, म्हणून आजोबांना परवाना मिळाला. सोलापूरच्या माळरानावर लांडगे होते आणि आहेत, तेव्हा कथा अशक्य नाही. पण लांडग्यासाठी .३७५ ची रायफल म्हणजे उंदरासाठी सुरुंग. आणि त्या काळात रायफलीचा परवाना मिळायला नुसते लांडगे पुरत नसत. साहेबाचा विश्वास लागे.

स्नेह्यांनी हा कागद आमच्यासमोर ठेवला तेव्हा ते म्हणाले, "हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. बोललो कधी नाही." नळी बदलायला ते मनातून का राजी होते, ते आम्हांला तेव्हा उमगले. नवी नळी बसली की नवे बोअर, नवी नोंद, नवे पुस्तक. जुने कागद अनावश्यक ठरले असते. लाजेची बाब दुरुस्तीच्या खर्चात मिटली असती.

आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की तारखेने काही सिद्ध होत नाही. १९३१ चा परवाना हा निष्ठेचे बक्षीस होता, की अर्ज आधीचा आणि मंजुरी तेव्हाची, की खरोखरच लांडगे होते, याचा निवाडा या कागदावरून करता येत नाही. पण निवाडा करता येत नाही म्हणून पुरावा नाहीसा करावा, हे इतिहासाला धरून नाही. 'माझा प्रवास'चेच उदाहरण घ्या. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये, म्हणजे .४५० वर बंदी आली त्याच वर्षी, ते पुस्तक प्रसिद्ध केले. काळ कठीण, सरकारची नजर करडी. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले, काही भाग गाळला, आणि पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचले. त्यांनी ते चालते केले, असे आमच्या कारागिरांच्या भाषेत म्हणता येईल. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. परंतु मूळ हस्तलिखित शिल्लक होते, म्हणूनच साठ वर्षांनी, १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांना गोडशांचा मूळ पाठ छापता आला. कागदावरच्या संपादनात ही सोय असते. आपण बदल करतो आणि जुना पाठ तळटीपेत ठेवतो. लोखंडाला तळटीप नसते.

या विचाराला एक रास्त आक्षेप आहे आणि तो मुलानेच घेतला. ही वस्तू मारण्यासाठी घडवलेली. तिच्या कोठीत साम्राज्याचा इतिहास आहे तसा काळविटांच्या कळपांचाही आहे. तिला जपणे म्हणजे त्या साऱ्याला देव्हाऱ्यात बसवणे नव्हे काय? प्रश्न बिनतोड होता. सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानांनी शिकारीची किंमत मोजली आहे. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने वन्य प्राण्यांना काही संरक्षण मिळाले, १९७२ च्या कायद्याने शिकारीचे युग संपले, १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. आणि तरीही माळढोक तेथे आज क्वचितच दिसतो. शिकारीबरोबर शेती, रस्ते, तारा यांनीही त्याला हुसकावले, पण शिकारीचा वाटा नाकारता येत नाही. याच शहरात जन्मलेल्या आणि २०२५ मध्ये याच शहरात शेवटचा श्वास घेतलेल्या मारुती चितमपल्लींनी मराठीला रानाची वेगळी भाषा दिली. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बंदुकीच्या नळीतून पाहिलेले रान आणि त्यांच्या लेखनातून दिसणारे रान यांच्यात जे अंतर आहे, ते मराठी वाचकाने एका शतकात कापले.

पण म्हणूनच आमचे मत उलट्या दिशेला गेले. रायफल चालती केली असती तर ती पुन्हा शस्त्र झाली असती. न कोरलेल्या, काडतूस न मिळणाऱ्या कोठीसह ती केवळ दस्तऐवज आहे. अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रसंग्रहात जी हत्यारे मांडून ठेवली आहेत त्यांना कोणी धार लावायला नेत नाही; म्हणूनच ती पाहता येतात. देव्हाऱ्यात बसवणे आणि दप्तरात ठेवणे यांत फरक आहे. देव्हाऱ्यातल्या वस्तूला प्रश्न विचारायचा नसतो, दप्तरातल्या कागदाला विचारावाच लागतो.

अखेर ठरले ते असे. रिव्हॉल्व्हर मुदतीच्या आत जमा झाले. बारा बोअरची दुनळी शेतासाठी राहिली. रायफल आहे तशी राहिली, नळी तीच, कोठी तीच. मुलाला हे फारसे पटलेले नाही आणि त्याने ते लपवलेही नाही; पुढच्या पिढीत परवाना त्याच्या नावे झाला की निर्णय त्याचा असेल. तो तेव्हा काय करील, हे सांगता येत नाही. पण तेव्हाही निर्णय घेण्याजोगे काही शिल्लक असेल. या पिढीने कोठी कोरली असती तर त्याला तेवढीही मुभा उरली नसती.

नूतनीकरणाच्या वेळी स्नेह्यांनी कार्यालयात विनंती केली की 'बोअर .३७५' याच्यापुढे 'अडीच इंची' एवढे दोन शब्द वाढवावेत. त्याला रकाना नाही, असे सौजन्याने सांगण्यात आले. तेव्हा घरी येऊन त्यांनी एका जाड कागदाच्या चिठ्ठीवर काडतुसाचे पूर्ण नाव लिहिले. खाली कोठीचे माप, गंधकाचा साचा घेतल्याची तारीख आणि परवान्याच्या पहिल्या नोंदीचे साल लिहिले. १९३१ या आकड्यापुढे त्यांनी पूर्णविराम दिला नाही, प्रश्नचिन्हही दिले नाही. चिठ्ठी दोऱ्याने चापाच्या कडीला बांधली आणि रायफल पुन्हा कपाटात ठेवली.